सहा नावांची यादी आणि तिच्यात नसलेला रकाना

डिचोली तालुक्यातील एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या सुमारे २५० घरांच्या वाड्यावर गेल्या तीन वर्षांत सहा जणांना कर्करोग झाला: स्तनाचे दोन, तोंडाचा एक, प्रोस्टेटचा एक, जठराचा एक आणि रक्ताचा एक. वाड्याजवळ चार वर्षांपूर्वी मोबाइलचा टॉवर उभा राहिला, पलीकडे बंद पडलेली खाण आहे, आणि बाजारातील मासळीत फॉर्मलिन असते असे सगळेच म्हणतात. यांपैकी खरे कारण कोणते, गोव्यात कर्करोग वाढतो आहे काय, आणि ५४ वर्षांच्या आईची ‘संपूर्ण कॅन्सर तपासणी’ करून घ्यावी काय, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आहे. यादीतील सहाव्या रुग्ण, म्हणजे शेजारच्या काकू, यांचा स्तनाच्या बायॉप्सीचा (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) अहवाल हातात आला आहे, पण त्यांच्या घरचे ‘चतुर्थी होऊ दे, मग बघू’ असे म्हणत आहेत.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तीसहून अधिक वर्षे गोव्यात सूक्ष्मदर्शकापुढे बसून काढली आहेत. रुग्णाचा चेहरा मला क्वचितच दिसतो. मला दिसतो तो त्याच्या शरीराचा तुकडा आणि त्यासोबत आलेला एक फॉर्म. त्यामुळे माझ्या उत्तराला मर्यादा आहेत. उपचार कोणते करावेत हे सांगणे माझे काम नाही. मात्र रोग किती उशिरा पोहोचतो, हे त्या तुकड्यावर पट्टी ठेवून रोज मोजावे लागत असल्याने त्याविषयी मी अधिकाराने बोलू शकते.

प्रथम सहा या आकड्याविषयी. भारतात वर्षाला दर एक लाख लोकसंख्येमागे नव्या कर्करोगाचे सुमारे १०० रुग्ण आढळतात, असा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२२ सालचा अंदाज आहे. २५० घरांच्या वाड्यावर सुमारे १,००० माणसे धरली, तर वर्षाला एक आणि तीन वर्षांत तीन रुग्ण हे अपेक्षितच ठरतात. तिनाच्या ठिकाणी सहा म्हणजे दुप्पट झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण इतक्या लहान आकड्यांत योगायोगाचा हात फार मोठा असतो. सरासरी तीन असताना कुठलेही विशेष कारण नसतानाही सहा किंवा त्याहून अधिक रुग्ण निघण्याची शक्यता सुमारे ८ टक्के, म्हणजे बारा वाड्यांत एका वाड्याची, असते. गोव्याची १५ लाखांच्या आसपासची लोकसंख्या हजार-हजारांच्या वाड्यांत वाटली, तर असे सव्वाशे वाडे केवळ योगायोगाने निघतील. आणि तीन वर्षांत एकही रुग्ण न निघालेले पाऊणशे वाडेही निघतील. त्या पाऊणशे वाड्यांवरून मात्र मला कोणी कधी पत्र लिहीत नाही.

शिवाय हद्द कोणती धरायची, हाही प्रश्न आहे. आंबे आधी पडू द्यायचे आणि मग जिथे जास्त पडले त्याभोवती रिंगण आखायचे, असे आपल्याकडून नकळत होते. आपल्याच पत्रात एक बाई मूळच्या वाड्यावरच्या असून लग्नानंतर वीस वर्षे वास्कोला राहतात असे म्हटले आहे. त्या वाड्याच्या हिशेबात धरायच्या की वास्कोच्या? कर्करोग नोंदणीत याचा नियम ठरलेला आहे. रुग्ण त्या भागात किमान एक वर्ष राहत असला पाहिजे, तरच तो तिथला. त्या नियमाने आपली यादी पाचावर येते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या यादीतील रोग एका जातीचे नाहीत. कर्करोग हे एका रोगाचे नाव नसून शंभराहून अधिक रोगांचे सामायिक आडनाव आहे. एखाद्या ठिकाणी हवेत वा पाण्यात खरोखर काही घातक असेल, तर ते सहसा ठरावीक अवयवाला धरते. त्यामुळे एकाच जातीचे, त्यातही दुर्मीळ जातीचे, किंवा ज्या वयात सहसा होत नाही त्या वयातले रुग्ण एका ठिकाणी दिसले, तर मी तत्काळ कान टवकारीन आणि आपणही लेखी अर्ज घेऊन आरोग्य केंद्राच्या अधिकाऱ्याकडे जावे. स्तन, तोंड, प्रोस्टेट, जठर, रक्त अशी यादी मात्र कुठल्याही गोमंतकीय वाड्यावर निघावी तशीच आहे.

आता आपण नोंदविलेले तीन संशयित. टॉवरच्या लहरींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली ‘कदाचित कारणीभूत’ या गटात ठेवले. तो गट पुरावा अपुरा असल्याचा निदर्शक आहे. त्यातही काळाचे गणित जुळत नाही. घट्ट गाठींचे बहुतेक कर्करोग पहिल्या बिघाडापासून दिसू लागेपर्यंत दहा, वीस, कधी तीस वर्षे घेतात. चार वर्षांपूर्वीच्या टॉवरवर प्रोस्टेटचा कर्करोग लादणे म्हणजे काल लावलेल्या माडाचे नारळ आज मोजणे होय. खाणीच्या धुळीचे तसे नाही. त्या धुळीतील स्फटिकरूप सिलिका फुप्फुसाचा कर्करोग करते हे सिद्ध आहे, आणि खाणीत किंवा क्रशरवर काम केलेल्या माणसाने खोकला सहज घेऊ नये. पण आपल्या यादीत फुप्फुसाचा कर्करोग एकही नाही.

फॉर्मलिनविषयी मला थोडे जवळून बोलता येईल, कारण माझी अर्धी हयात त्याच्या वासात गेली. ते म्हणजे फॉर्मल्डिहाइडचे पाण्यातील द्रावण, आणि तपासायचे तुकडे टिकवायला आम्ही तेच वापरतो. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग करते, असा निष्कर्ष २००४ साली निघाला. तो निघाला तो मुख्यतः कारखान्यांत आणि शवलेपनाच्या कामात वर्षानुवर्षे ते हुंगणाऱ्या माणसांच्या अभ्यासावरून, आणि पुरावा आहे तो नाकामागील घशाच्या व रक्ताच्या कर्करोगाचा. २०१८ च्या जुलैमध्ये मडगावच्या घाऊक बाजारातील मासळीवरून जो गदारोळ झाला आणि परराज्यांतील मासळी काही काळ बंद करावी लागली, तो निरर्थक होता असे मी म्हणणार नाही. खाण्याच्या पदार्थात ते मिसळणे हा गुन्हाच आहे आणि तपासणी कडक हवी. पण त्या वर्षी माझ्याकडे जे लोक चिंतेने विचारायला आले, त्यांतील दोघांच्या गालात सुपारी होती. सुपारी तंबाखूविना खाल्ली तरी कर्करोगकारक आहे, आणि फोंडा-सत्तरीतील कुळागरांचा, म्हणजे सुपारीच्या बागांचा, अभिमान बाळगणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगितलेले मुळीच रुचत नाही.

गोव्यात कर्करोग वाढतो आहे काय, या प्रश्नाला ‘होय’ हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. रुग्णांची संख्या वाढते आहे. त्यातील मोठा वाटा वयाचा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे ८.६ टक्के होती, तर गोव्यात ११.२ टक्के. कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा रोग असल्याने म्हाताऱ्या समाजात त्याचे रुग्ण जास्तच असणार, प्रत्येक माणसाचा धोका तसूभरही वाढला नाही तरी. म्हणूनच जाणकार लोक नुसता दर पाहत नाहीत, तर दोन्हीकडचे वयोमान सारखे धरून काढलेला दर पाहतात. अशा वयसमायोजित दरांत आपल्या देशातच केवढे अंतर आहे पाहा. २०१२ ते २०१६ या काळातील नोंदींवरून पुरुषांचा दर उस्मानाबाद-बीडमध्ये लाखामागे ३९.५ होता आणि मिझोरामच्या ऐझॉलमध्ये २६९.४. एवढा फरक केवळ तपासणीच्या सोयींमुळे पडत नाही. ऐझॉलमध्ये तंबाखू ज्या प्रमाणात आणि ज्या रूपांत घेतला जातो, त्याची किंमत त्या आकड्यात आहे.

गोव्यापुरते बोलायचे तर तंबाखूच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत आणि थोडे शहाणेही. धूम्रपान व थुंकण्याविरुद्धचा कायदा आपल्याकडे १९९७ सालीच झाला, गुटख्यावरील बंदी २००५ ची. २०१६-१७ च्या पाहणीत देशात २८.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, गोव्यात ९.७ टक्के. दुसऱ्या बाजूला, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यातील सुमारे ३७ टक्के पुरुष दारू घेतात, जे देशाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट आहे. दारू हे तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. तंबाखूसोबत घेतल्यास तोंडाचा आणि अन्ननलिकेचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. हुर्राक घरच्या काजूची आहे म्हणून तिला सूट मिळत नाही. स्त्रियांमध्ये वाढते वजन, उशिराचे पहिले बाळंतपण आणि एकूण कमी मुले यांमुळे स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण खरोखर वर जाते. हे दोष नव्हेत. मुली शिकल्या, नोकरी करू लागल्या, बाळंतपणात बायका मरेनाशा झाल्या, त्याच बदलांची ही दुसरी बाजू आहे, आणि म्हणूनच तिच्यावर ‘जुन्या काळासारखे राहा’ हा उपाय नाही.

इस्पितळातील गर्दीवरून दर ठरवता येत नाही, हेही सांगायला हवे. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) सिंधुदुर्ग आणि कारवारकडचे रुग्ण येतात, आणि गोव्यातील कित्येक रुग्ण परस्पर मुंबईला टाटा इस्पितळात किंवा बेळगावला जातात. माझ्या टेबलावर एकाच बाईचा तुकडा तीनदा येतो: आधी सुईची बायॉप्सी, मग शस्त्रक्रियेत काढलेली गाठ, मग दुसरे मत म्हणून तीच स्लाइड. नुसते अहवाल मोजले तर एकीच्या तीन होतात. नोंदणीचे खरे काम ही पुनरावृत्ती गाळण्याचे, पत्ते तपासण्याचे आणि मृत्यूच्या दाखल्यांशी ताळा करण्याचे आहे. ते कंटाळवाणे आहे, आणि त्यावाचून कुठल्याही आकड्यावर विसंबता येत नाही.

इथवर जे सांगितले त्याचा मथितार्थ एवढाच की, आपल्या सहा नावांवरून वाड्याचा दोष सिद्ध होत नाही. आता मला जे खरोखर सांगायचे आहे त्याकडे येते. आपल्या यादीत रुग्णाचे नाव आहे, वय आहे, अवयव आहे. एक रकाना नाही: रोग सापडला तेव्हा तो कितव्या स्टेजला होता, म्हणजे किती वाढला-पसरला होता, आणि पहिल्या लक्षणापासून उपचार सुरू होईपर्यंत किती दिवस गेले.

हा रकाना का महत्त्वाचा, ते दोन देशांच्या आकड्यांतून दिसते. २०२२ साली अमेरिकेत सुमारे २३.८ लाख नवे रुग्ण आणि ६ लाख मृत्यू, तर भारतात सुमारे १४.१ लाख नवे रुग्ण आणि ९.२ लाख मृत्यू, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. वय सारखे धरले तर अमेरिकेतील दर आपल्या तिपटीहून अधिक आहे. म्हणजे कर्करोग होण्याच्या बाबतीत आपण अजून सुखी आहोत. झाल्यानंतर जगण्याच्या बाबतीत नाही. स्तनाच्या कर्करोगाचेच पाहा. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अमेरिकेत सुमारे ९० टक्के होते, भारतात ६६. त्या चोवीसांच्या फरकात महागड्या औषधांचा वाटा आहे, पण मोठा वाटा आपल्या बायका मोठी गाठ घेऊन येतात याचा आहे.

मी गाठ मोजते तेव्हा दोन सेंटिमीटरपर्यंतची पहिल्या गटात, दोन ते पाच दुसऱ्या, पाचांहून मोठी तिसऱ्या गटात जाते. दोन सेंटिमीटर म्हणजे ढोबळमानाने मोठी सुपारी, पाच म्हणजे लिंबू. सुपारीचे लिंबू होईपर्यंत जो काळ गेला, त्याचा हिशेब मला फॉर्मवर वाचायला मिळतो, आणि तो बहुधा एकाच माणसाच्या चुकीने गेलेला नसतो.

एक फॉर्म मला चांगला आठवतो. वय ५२, ‘डाव्या स्तनात गाठ, ७ महिने’ एवढेच घाईच्या अक्षरात लिहिलेले. सोबत लोणच्याची स्वच्छ धुतलेली बाटली, झाकणाला चिकटपट्टी, आत तुकडा. द्रव फॉर्मलिन नव्हता, सलाइन होते. एका लहान खाजगी इस्पितळात फॉर्मलिन संपले म्हणून कोणीतरी सलाइन ओतले आणि शनिवारी दुपारी नातेवाइकाच्या हाती दिले. माझ्याकडे ते सोमवारी पोहोचले. मासळी उन्हात ठेवावी तसा तो तुकडा झाला होता, राखाडी आणि मऊ. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या कडा विरघळलेल्या. कर्करोग असावा असे वाटत होते, पण ‘असावा’ या शब्दावर कोणाचा स्तन काढता येत नाही. बायॉप्सी पुन्हा करावी असे मी लिहिले. पुन्हा सुई घालून घ्यायला त्या बाई तयार झाल्या तीन महिन्यांनी, कारण ‘सुई लावली की पसरतो’ असे मध्यंतरी कोणीतरी त्यांच्या मनात भरवले होते. सात महिन्यांचे दहा झाले. दुसऱ्या खेपेला काखेतील ग्रंथीही हाताला लागत होती. ज्या फॉर्मलिनच्या भयाने बाजारात रांगा ओसरल्या, त्याच फॉर्मलिनच्या चार चमच्यांअभावी एका बाईची स्टेज बदलली, हे मला अजून बोचते. आणि सुईने पसरतो हा समज खरा नाही, हेही इथेच सांगून ठेवते. बायॉप्सी न करता अंदाजाने कापलेली गाठ मात्र रुग्णाला खरोखर महाग पडते.

वेळ असा तुकड्यातुकड्यांनी जातो. तोंडातील चट्ट्याला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि मलम देत दोन-तीन महिने जातात. तीन आठवड्यांत न भरणाऱ्या चट्ट्याची बायॉप्सी झालीच पाहिजे, हा नियम दंतवैद्यांना ठाऊक असतो, औषधाच्या दुकानदाराला नसतो. शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध, असे घरातच ठरते. पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा रक्त गेले तर बाई ते मुलाला सांगत नाही, सुनेला सांगायला लाजते आणि लुगड्याच्या घडीत लपवते. त्यानंतर मे महिन्याचे लग्न, मग पेरणी, मग चतुर्थी, मग देवाची जत्रा. मी हे उपहासाने लिहीत नाही. घरचा गणपती ज्या बाईच्या हातावर उभा असतो, तिला स्वतःसाठी पंधरा दिवस काढणे अवघड असते हे मला कळते.

पैशांविषयी थोडक्यात. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तिच्यात आहे. कार्ड असेल तर नूतनीकरण झाले आहे काय हे आजच पाहावे, निदान झाल्यावर नव्हे. पण घराला मोडतो तो पुष्कळदा कार्डाबाहेरचा खर्च. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, तीन ते सहा आठवडे चालतात. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या आतल्या गावाहून रोज बस बदलत यायचे, सोबत एक माणूस, त्याची रोजंदारी बुडालेली. केमोच्या दुसऱ्या खेपेनंतर केस जातात, तोंड येते, आणि ‘आता गाठ लागत नाही’ म्हणून उपचार मध्येच सोडले जातात. गाठ हाताला न लागणे म्हणजे रोग गेला असे नव्हे. अशा सोडलेल्या उपचारांनंतर परत आलेली गाठ मी पाहते तेव्हा तिच्यातील पेशी बहुधा पहिल्यापेक्षा अधिक उद्दाम असतात.

आता आपल्या आईंविषयी. ‘संपूर्ण कॅन्सर तपासणी’ नावाची गोष्ट वैद्यकात नाही, जाहिरातीत आहे. रक्तातील ट्यूमर मार्कर, म्हणजे काही कर्करोगांत वाढणारे घटक, हे बहुतांशी निदान झालेल्या रुग्णाच्या उपचारांचा मागोवा घेण्यासाठी असतात. तक्रार नसलेल्या माणसात ते का गोंधळ घालतात, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहा. १,००० बायकांपैकी पाचजणींना रोग आहे आणि चाचणी निरोगी बायकांपैकी ५ टक्के वेळा चुकीचा इशारा देते असे धरा. ती पाचही खऱ्या रुग्ण ओळखील, पण त्यांच्यासोबत पन्नासजणींना घाबरवून सोडील. त्या पन्नासजणी पुढे स्कॅन आणि सुया करून घेत फिरतात. त्यांतील काहींचे तुकडे माझ्यापर्यंत येतात आणि मी ‘दोष नाही’ असे लिहिते, तोवर त्यांची झोप आणि बचत दोन्ही उडालेली असतात.

ज्यांचा उपयोग सिद्ध आहे अशा तपासण्या मोजक्याच आहेत, आणि त्यांतल्या काहींचा पुरावा आपल्याच भाषेच्या मुलखातून आलेला आहे. मुंबईतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे चाललेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे रोग लवकरच्या स्टेजला सापडू लागला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमधील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही. उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर उद्धृत होतो. एवढे असूनही २०१९-२१ च्या पाहणीत देशातील ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या दोनही भरल्या नाहीत.

तेव्हा ५४ व्या वर्षी, कुठलीही तक्रार नसताना, मी आईंना हे करायला सांगीन: स्तनांची तपासणी दरवर्षी हाताने आणि जमत असल्यास दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे; एचपीव्ही चाचणी एकदा, ती निर्दोष आल्यास पुढची पाच ते दहा वर्षांनी; आणि तोंडाची पाहणी, जी दिव्याच्या उजेडात दोन मिनिटांची असते. आपल्या आरोग्य केंद्रात यांतील काय होते आणि कोणत्या वारी होते, ते तिथल्या परिचारिकेला विचारावे. हा सल्ला बदलू शकतो. आईंच्या आईला, बहिणीला किंवा मावशीला पन्नाशीच्या आत स्तनाचा, किंवा कुठल्याही वयात अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर आधी आनुवंशिक सल्ला घ्यावा. अंगावरून रक्त जात असेल किंवा गाठ लागत असेल, तर मग ही ‘तपासणी मोहीम’ राहत नाही, निदानाचे काम होते आणि ते याच आठवड्यात व्हायला हवे. घरात ९ ते १४ वयाची मुलगी असेल तर तिच्या एचपीव्ही लसीचे डॉक्टरांशी बोलून घ्यावे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ पासून आहे. आणि वडील दारू व सुपारी दोन्ही घेत असतील, तर आईंच्या आधी त्यांचे तोंड पाहून घ्यावे.

राहता राहिल्या शेजारच्या काकू, आणि खरे तर माझ्या दृष्टीने आपल्या संपूर्ण पत्रातील तातडीचा प्रश्न हाच आहे. चतुर्थीला अजून पाच आठवडे आहेत. सणानंतर पाहुणे, मग डॉक्टरांची भेट, मग शस्त्रक्रियेची तारीख, असे धरले तर दोन-अडीच महिने सहज जातात. २०२० साली ३४ अभ्यासांतील सुमारे १२.७ लाख रुग्णांची माहिती एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा आहे की, शस्त्रक्रियेला चार आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. आपण टॉवरविरुद्ध पंचायतीत अर्ज देणार आहात, तो खुशाल द्यावा. पण त्याआधी त्यांच्या मुलाला गाठून हे समजावून सांगावे, शक्य तर आपणच सोबत जावे. पहिल्याच भेटीत कोणी काकूंना खाटेवर झोपवून ठेवत नाही. स्कॅन, रक्त, हृदयाची तपासणी यांतच दोन आठवडे जातात. ते दोन आठवडे चतुर्थीच्या आधी गेले, तर गणपती घरच्या घरी होईल आणि तारीखही ठरलेली असेल.

जाताना अहवालाचा कागद एकटा नेऊ नये. ज्या प्रयोगशाळेत बायॉप्सी तपासली, तिथून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्यावेत. बोटाच्या पेराएवढे ते मेणाचे ठोकळे क्षुल्लक दिसतात, पण काकूंचा तुकडा त्यांच्यात आहे. ते सोबत असले तर बांबोळीला किंवा मुंबईला पुन्हा सुई घालावी लागत नाही. अहवालात ईआर, पीआर आणि हर-टू या तीन चाचण्यांचे निकाल आहेत काय, ते पाहावे. नसतील तर त्याच ब्लॉकवर त्या लगेच करायला सांगाव्यात, कारण त्यांना आणखी काही दिवस लागतात आणि त्यांच्यावाचून कोणते औषध द्यायचे हे ठरत नाही. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत; मेण वितळते. आणि फॉर्मवर पहिल्यांदा गाठ लागली ती तारीख लिहिलेली नसेल, तर काकूंना विचारून ती अहवालाच्या मागे पेन्सिलीने का होईना, लिहून ठेवावी.